दवाखान्यातून घरी आणल्यावरचं काम : इंदूरच्या मराठी घरांसाठी

लकव्याचा झटका, अपघातात डोक्याला लागलेला मार, मणक्याची इजा, किंवा आयसीयूत लांबलेला मुक्काम. यातून माणूस वाचला की घरचे हुश्श करतात. डिस्चार्जच्या कागदावर शेवटच्या ओळीत ‘फिजिओथेरपी’ एवढा एकच शब्द असतो. कोणती, किती, कोणाकडून, आणि गिळणं, बोलणं, आठवण यांचं काय, हे बसून सांगायला कोणाला वेळ नसतो.

मी इंदुरात घरोघरी जाऊन ऑक्युपेशनल थेरपी देते. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग अशी बरीच मराठी घरं माझ्या फेरीत असतात. प्रत्येक घरी पहिला प्रश्न एकच: ‘चांगला फिजिओ सांगा.’ तो सांगतेच, पण तो येणार दिवसातून एक तास. उरलेले तेवीस तास घरच्यांच्या हातात असतात आणि खरी प्रगती तिथेच होते किंवा अडते. हा लेख त्या तेवीस तासांसाठी आहे. औषधांचे निर्णय मात्र डॉक्टरांचेच.

पायरी १ : डिस्चार्जच्या आधीचे दोन दिवस

हे दोन दिवस बिल आणि विम्याच्या धावपळीत जातात. एकाने काउंटर सांभाळावा, दुसऱ्याने वॉर्डात थांबून शिकून घ्यावं. पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं, कूस कशी बदलायची, नळीतून अन्न कसं द्यायचं, हे सिस्टर किंवा फिजिओ करताना नुसतं बघू नका. त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा. आणि ज्याला घरी उचलायचं आहे त्यानेच शिकायचं. बहुतेक घरांत सून शिकते आणि रात्री उचलायला मुलगा उठतो. मुलगे, जावई, पुतणे सगळ्यांना वॉर्डात बोलवा, हे फक्त बायकांचं काम नाही.

निघण्याआधी एवढं विचारून कागदावर घ्या:

- गिळण्याची तपासणी झाली का? पातळ पदार्थ तोंडाने द्यायचे की नाही?
- नाकातली किंवा लघवीची नळी कधी बदलायची, कधी काढायची, कोण काढणार?
- रक्त पातळ करणारी आणि फिट्सची गोळी किती दिवस?
- बार्थेल स्कोअर किती? खाणं, आंघोळ, कपडे, संडास, चालणं अशा रोजच्या दहा गोष्टींवरून ० ते १०० असे गुण देतात. आजचा आकडा हाताशी असला तर महिन्याने ‘फरक पडतोय का’ यावर वाद होत नाही.

सीटी-एमआरआयची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

पायरी २ : कोणाकडे काय मागायचं

फिजिओ तोल, ताकद, चालणं बघतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताचं काम, कपडे, आंघोळ, स्वयंपाकघर आणि घरातले बदल बघतो. स्पीच थेरपिस्टचं काम फक्त बोलण्याचं नाही, गिळण्याचंही असतं, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. लक्ष, स्मरण आणि वागणुकीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. या सगळ्यांची मोट बांधणारा डॉक्टर म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, अर्थात पीएमआरचा. तो प्रत्येक दवाखान्यात नसतो, नसेल तर न्यूरॉलॉजिस्टनेच हे बघावं असा आग्रह धरा.

स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो क्रमांक विचारण्यात संकोच नको. सरकारी वाटेने जायचं तर सुरुवात एमवाय, म्हणजे इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयापासून. त्यापुढे भोपाळला एम्समध्ये पीएमआर विभाग आहे आणि दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्रही तिथेच आहे. मुंबईला हाजीअलीजवळ १९५५ पासून चालणारी अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. मणक्याची इजा असेल तर दिल्लीत वसंत कुंजचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर.

आता मालिशवाले आणि जडीबुटी. आपल्या भागात लकवा म्हटलं की कोणी ना कोणी राजस्थानातल्या बुटाटीधामला जायला सांगतंच. तिथे सात दिवस राहून परिक्रमा करतात. श्रद्धा असेल तर जा, मी कोणाला अडवत नाही. पण रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही बंद करू नका, आणि पहिले तीन महिने व्यायाम सोडून फिरण्यात घालवू नका. सुधारणेचा वेग सर्वांत जास्त त्याच काळात असतो. जोरजोरात हात ओढणाऱ्या मालिशवाल्याला मात्र दारातूनच परत पाठवा. का ते चौथ्या पायरीत.

पायरी ३ : घर

चाकाची खुर्ची घेण्याआधी टेप घेऊन बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी मोजा. खुर्ची आधी आणि माप नंतर, असं निम्म्या घरांत होतं, मग ती दिवाणखान्यात कपडे वाळत घालायला उरते. जुन्या घरांत उंबरठा असतो, त्याला दोन्हीकडून लाकडाचा उतार करून घेता येतो.

पलंगाच्या काठावर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. दिवाण बुटका असतो, त्यावरून उठताना माणूस दर वेळी हरतो. पायांखाली लाकडी ठोकळे घालून उंची वाढवा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्ची. धरायचा दांडा भिंतीत पक्का बसवलेला हवा, टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालवू नका. मागे पट्टा असलेली, घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट द्या. पायपुसणी आणि चटया गुंडाळून ठेवा.

पायरी ४ : कूस, खांदा, कातडी

स्वतः हलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एअरबेड आणला म्हणून ही सुट्टी मिळत नाही. आंघोळ घालताना माकडहाड, टाचा, नितंबाची बाजू आणि घोटे बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती बेडसोअरची सुरुवात आहे, त्या जागेवर भार टाकू नका आणि डॉक्टरांना दाखवा. तिथे चोळू नका, पावडर थापू नका. पिंढरीखाली उशी अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील.

लकवा मारलेला हात लुळा असताना खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंच्या जोरावर जागेवर असतो, आणि तो जोरच गेलेला असतो. उठवताना काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढलं की सांधा खाली सरकतो. मग महिनोन् महिने असं दुखतं की माणूस व्यायामालाच नको म्हणतो. आधार खांद्याच्या पात्यामागे आणि कमरेला द्या. बसल्यावर तो हात मांडीवर लोंबकळत नको, उशीवर टेकलेला हवा. सदरा घालताना आधी लकव्याचा हात, काढताना तो शेवटी.

पायरी ५ : गिळणं

इथे घाई जिवावर बेतू शकते. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो, आणि काहींना ठसकाही लागत नाही. जेवताना खोकला, जेवल्यावर घोगरा-ओला आवाज, गालात साठून राहिलेला घास, कारण न कळणारा ताप, यांतलं काहीही दिसलं तर तोंडाने देणं थांबवा आणि स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या.

प्रेमाने आणलेल्या बऱ्याच गोष्टी इथे धोक्याच्या ठरतात. पाणी, चहा, पातळ ताक वेगाने घसरतात. पोहे सुटे होतात आणि वरची शेव तोंडात विखुरते. इंदूरकराला हे सांगणं जड जातं, पण तूर्त नको. आमटीभात किंवा दुधात कुस्करलेली पोळी मऊ वाटते, पण तिच्यात पातळ आणि घट्ट एकत्र असतं. तोंडाने एकाच वेळी दोन्ही सांभाळणं उलट कठीण. एकसारखा घट्टपणा असलेलं चालतं: मुगाच्या डाळीची घोटलेली मऊ खिचडी, घट्ट वरण, कुस्करलेलं केळं, घट्ट दही. किती घट्ट, हे तपासणाऱ्यानेच ठरवायचं.

पूर्ण ताठ बसवून, लहान चमच्याने, एक घास गिळल्यावरच दुसरा. टीव्ही बंद. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. आणि दात दोन वेळा घासा, नळीवर असलेल्यांचेही, कारण तोंडातली घाण फुप्फुसात उतरते.

पायरी ६ : व्यायाम म्हणजे दिवसभर

दोन टोकं दिसतात. एका घरात दुसऱ्याच दिवशी ‘चालवा, चालवा’, दुसऱ्या घरात सहा महिने ‘आराम करू दे’. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अॅव्हर्ट नावाच्या अभ्यासात पाच देशांतले २१०४ रुग्ण होते. झटका आल्यापासून २४ तासांच्या आत खूप जास्त वेळ उठवणं-चालवणं सुरू केलेल्यांचा निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा उणाच निघाला. म्हणजे पहिल्या दिवशी दांडगाई नको. प्रकृती स्थिर झाल्यावर मात्र दिरंगाईही नको.

मेंदू पुन्हा शिकतो तो त्याच कामाच्या पुनरावृत्तीने. २००९ च्या एका पाहणीत थेरपीच्या एका सत्रात हाताच्या प्रत्यक्ष कामाच्या पुनरावृत्ती सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बदल दिसायला शेकड्यांनी लागतात. ही तफावत तेवीस तासांतच भरून निघते. रबरी चेंडू दाबत बसण्यापेक्षा शेंगा सोलणं, भांडं पुसणं, कपड्यांच्या घड्या, वाटीतले वाल दुसऱ्या वाटीत टाकणं जास्त कामाचं. लकव्याचा हात काही करत नसेल तर निदान ताट धरून ठेवायला वापरा.

इथे घरच्यांचं प्रेम आड येतं. बाबांना सदऱ्याचं बटण लावायला चार मिनिटं लागतात, सून चार सेकंदांत लावून मोकळी होते. सकाळी घाई असेल तर लावा. पण दिवसातली दोन कामं अशी ठरवा की ती कितीही वेळ लागला तरी त्यांचीच, आणि तेवढा वेळ हात मागे बांधून उभं राहा. माझ्या अनुभवात घरच्यांना सगळ्यांत अवघड जातं ते हेच.

पायरी ७ : डोक्याचं काम

पाय चालायला लागला की सगळ्यांना वाटतं, झालं. मग तक्रारी सुरू होतात: चिडचिड करतात, तेच तेच विचारतात, मुद्दाम करतात. मुद्दाम कोणी करत नाही.

जेवणाचं ताट बघा. उजव्या मेंदूला इजा झाली असेल तर काहींना डाव्या बाजूचं जगच जाणवत नाही. डोळे चांगले असतात, पण लक्ष तिकडे जात नाही. आपल्या ताटात डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर असते आणि उजवीकडे भाजी, आमटी. काका भाजी-पोळी संपवतात, चटणी-कोशिंबीर तशीच राहते. घरचे म्हणतात, आजकाल चटणी आवडत नाही त्यांना. ताट अर्धं फिरवून ठेवा. तीच चटणी संपली आणि आता भाजी उरली, तर हे डाव्या बाजूचं दुर्लक्ष आहे आणि थेरपिस्टला सांगायलाच हवं, कारण असा माणूस दाराच्या चौकटीला धडकतो आणि रस्ता ओलांडताना डावीकडून येणारी रिक्षा बघत नाही. ताटाच्या डाव्या कडेला लाल रिबन चिकटवा आणि जेवताना ‘रिबन दिसेपर्यंत मान वळवा’ म्हणून सांगा. बोलताना त्यांच्या डाव्या बाजूला बसा. त्यांचं लक्षच वेधलं जात नसेल तर समोरून सुरुवात करून हळूहळू डावीकडे सरका.

आठवणीसाठी परीक्षा घेऊ नका. ‘ओळखा पाहू हे कोण?’ हा पाहुण्यांचा आवडता खेळ आहे आणि तो रुग्णाला रडवतो. उलट आधीच सांगा: ‘बाबा, नाशिकची शैला आत्या आली आहे.’ चुकीचं उत्तर एकदा तोंडातून गेलं की मेंदू तेही पाठ करतो. एखादी गोष्ट बसवायची असेल, समजा गोळ्यांचा डबा कुठे ठेवलाय, तर सांगा आणि लगेच विचारा, मग एका मिनिटाने, दोन मिनिटांनी, चार मिनिटांनी. चुकलं तर स्वतः सांगून मागच्या अंतरावर परत या. भिंतीवरचं कॅलेंडर, मोठं घड्याळ आणि एकच वही, तीही एकाच जागी. वहीत आज कोण आलं, काय खाल्लं, थेरपीत काय केलं, हे त्यांनीच लिहायचं किंवा सांगून लिहून घ्यायचं.

थकवा वेगळाच असतो. मेंदूला मार लागलेल्या तरुण मुलाला अर्धा तास गप्पा मारल्यावर झोप येते, ती आळसाची नसते. भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या: संध्याकाळी, एका वेळी दोघं, पंधरा मिनिटं. लोक रागावतात, रागावू द्या.

बोलणं गेलेल्यांबद्दल थोडं. वाचाघात झालेला माणूस बायकोचं नाव सांगू शकत नाही, पण आरती सुरू झाली की अख्खी म्हणतो, पाढेही म्हणतो. घरच्यांना वाटतं नाटक करतोय. पाठ झालेलं बोलणं आणि विचार करून शब्द शोधणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. त्या आरतीचा थेरपीत उपयोगही करून घेता येतो. घरी ‘हो-नाही’त उत्तर देता येतील असे प्रश्न विचारा, एका वेळी एकच, आणि उत्तरासाठी थांबा. वाक्य त्यांच्या वतीने पूर्ण करू नका.

इंदुरात एक अडचण खास आपली आहे. इथले थेरपिस्ट बहुतेक हिंदीत बोलतात, आपण घरात मराठी. झटक्यानंतर दोन्ही भाषा सारख्याच परत येतील असं नसतं, एक आधी येते, दुसरी मागे राहते. शिकलेले काका हिंदी तपासणीत नापास होतात आणि घरी मराठीत बरे बोलतात, किंवा उलटही. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा की घरात मराठी आहे, आजीबाईंना हिंदी लग्नानंतर आली आणि काका दुकानात आयुष्यभर हिंदी बोलले. चित्रांची नावं, रोजची वाक्यं मराठीत लिहून द्या. तपासणी दोन्ही भाषांत मागा.

डोक्याच्या पुढच्या भागाला मार असेल तर माणूस बेधडक होतो. शिव्या देतो, मिळेल ते खातो, अनोळखी माणसाला फोनवरून पैसे पाठवतो. त्या दिवसांत यूपीआय त्यांच्या फोनवरून काढून ठेवा, गॅसची वाट सिलिंडरपाशीच बंद करा, गाडीची किल्ली लपवा. ‘मी ठीक आहे’ असं तो मनापासून म्हणेल, कारण इजेची जाणीवच त्या इजेत गेलेली असू शकते. गाडी पुन्हा कधी, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

उदासी वेगळी ओळखा. झटक्यानंतर सुमारे तीनपैकी एकाला नैराश्य येतं. व्यायामाला नकार, खाणं कमी, रडणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर न्यूरॉलॉजिस्टला सांगा. त्यावर औषध आहे. ‘मन खंबीर करा’ हे औषध नाही.

पायरी ८ : लगेच निघायचं ते केव्हा

तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोबडं बोलणं पुन्हा दिसलं तर १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ‘सकाळी बघू’ नको. एकाच पायाची पिंढरी सुजून दुखणं, अचानक धाप, पहिल्यांदा आलेली फिट, डोक्याच्या मारानंतर वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, यांनाही थांबायचं नाही.

मणक्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर आणखी एक: अचानक ठणकणारं डोकं, चेहरा लाल, घाम, रक्तदाब चढलेला. ताबडतोब ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली किंवा तुंबली आहे का बघा, आणि निघा. ही गोष्ट नव्या डॉक्टरांनाही माहीत नसू शकते, म्हणून कागदावर लिहून खिशात ठेवा.

पायरी ९ : कागदपत्रं

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड काढायचं. मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारात मूल्यमापन सहसा सुरुवातीपासून सहा महिन्यांनी होतं, त्यामुळे आधी धावू नका, पण बिलं आणि रिपोर्ट त्या दिवसासाठी जपत जा. २०१६ च्या कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. जुन्या करप्रणालीत अवलंबित दिव्यांगासाठी ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. कृत्रिम अवयव, कॅलिपर, चाकाची खुर्ची यांसाठी एलिम्को या सरकारी कंपनीचं केंद्र उज्जैनला आहे. अपघात असेल तर फिजिओच्या आणि अटेंडंटच्या पावत्यासुद्धा ठेवा, मोटार अपघात दाव्यात त्या लागतात. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मानचं कार्ड मिळतं.

पेन्शनर असतील आणि उजवा हात गेला असेल तर सही जुळत नाही म्हणून बँक पैसे अडवते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अंगठ्याचा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार हवेत, त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस. शाखेत हा नियम दाखवावा लागतो, आवाज चढवून उपयोग होत नाही. हयातीचा दाखला चेहरा दाखवून मोबाइलवरही देता येतो.

मुंबईला दाखवायचं ठरलं तर अवंतिका एक्सप्रेस सरळ मुंबई सेंट्रलला सोडते आणि हाजीअली तिथून जवळ. एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्या अस्थिव्यंग रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या दिव्यांग कार्डावर स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, पण ते कार्ड रेल्वेकडून वेगळं काढावं लागतं, म्हणून तारीख ठरण्याआधीच अर्ज करा. जाताना सीडी, बार्थेलचे आकडे लिहिलेली वही, गोळ्यांची यादी आणि घरी माणूस उठतो-बसतो कसा याचा एक छोटा व्हिडिओ सोबत घ्या. अनोळखी ओपीडीत खुर्चीवर बसलेला रुग्ण घरच्यासारखा कधीच हलत नाही.